टाकीखालचा संकल्प

पूजेला बसण्याआधी आठल्येकाकू फुलांची परडी मांडीवर ओढून घ्यायच्या आणि एकेक फूल उलटं करून त्याचा देठ बघायच्या. आपसूक गळलेल्या फुलाचा देठ कोरडा असतो, तोडलेल्याचा ओला. ओले देठ निघाले की परडी बाजूला सरकायची. "ही टाकीच्या बागेतली आहेत. परत नेऊन झाडाला लावता येत नाहीत, म्हणून असू देत तिकडे. घरात तांदूळ आहेत ना? अक्षता करा."

यजमान खजील होत. पाहुण्यांसमोर चोरी पकडली गेलेली असे. पण काकूंशी वाद घालून उपयोग नव्हता, कारण वाद त्या शास्त्रावर नेत आणि शास्त्र त्यांना पाठ होतं. जे उपलब्ध नाही त्याच्या जागी अक्षता वाहायची सोय पूजेतच करून ठेवलेली आहे, हे त्या मंत्र म्हणून दाखवत. बाजारातून विकत आणलेल्या झेंडू-गुलाबाला त्यांची हरकत नसे. "तो शेतकऱ्याचा माल आहे. बाग सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांत मधमाश्याही आल्या."

त्यांचे पूर्वज दख्खनेतून दरबाराची भिक्षुकी करायला ग्वाल्हेरला आले. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला संहिता शिकवली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांनी बरीच वर्षं तिच्याकडे पाठ फिरवली. मग घराघरातली मुलं पुण्या-बंगळूरला गेली, भिक्षुकी करायला पुरुष उरले नाहीत, तेव्हा बाईचे मंत्र चालायला लागले. मला या गोष्टीचा राग यायचा. काकूंना हसू यायचं. "गरज पडली की शास्त्र लवचीक होतं. तेवढंच मी माश्यांसाठी मागतेय."

मी बिर्लानगरची, गिरणी कामगारांच्या वस्तीतली. गिरणी बंद पडली तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता, पण तिच्या कामगारांची पत्रकं घरात होती. आजोबांनी लिहिलेली, वडिलांनी वाटलेली. मी अक्षरओळख त्यांच्यावर केली. त्यामुळे कशाबद्दलही मनात काही आलं की मी पत्रक लिहायचे. माधवगंजातल्या पाण्याच्या टाकीची बाग 'सुशोभित' होणार असल्याची पाटी लागली तेव्हाही लिहिलं आणि बागेच्या दारात वाटत उभी राहिले. काकूंनी एक घेतलं, बाकावर बसून शेवटपर्यंत वाचलं आणि मला हाक मारली.

"तू लिहिलंस?"

"हो."

"शत्रू पुष्कळ जमवलेस. आता हे वाचून माणसाने उद्या सकाळी उठून काय करायचं, ते कुठं आहे?"

मी म्हणाले, लोकांना आधी संताप आला पाहिजे.

"संताप आला की ते घरी जाऊन चहा पितात. विशेषणं काढ. पाणी कुठं ठेवायचं ते लिही."

मग त्यांनी मला बाग दाखवली. उद्यान खात्यातल्या एका भल्या अधिकाऱ्याच्या मागे लागून त्यांनी भिंतीकडचा एक कोपरा मिळवला होता. तिथं गवत कापायचं नाही, एवढंच त्याचं नियमपत्र. कोपऱ्यात तुळस आणि सब्जा माजले होते, एकदांडी होती, आघाडा होता. आपल्याकडे बायका तुळशीच्या मंजिऱ्या खुडतात, काकू खुडू देत नसत. वठलेला एक कडुनिंब त्यांनी पाडू दिला नव्हता, त्याला भुंग्यांनी भोकं पाडून घरं केली होती. थोडी जमीन मुद्दाम उघडी, कारण काही माश्या मातीतच राहतात. एका मातीच्या परातीत खडे आणि खड्यांच्या मध्ये पाणी. "खोल पाण्यात बुडतात बिचाऱ्या. खड्यावर बसून पितात." बस, एवढंच होतं. याला पैसा लागत नव्हता. लागत होती ती फक्त हात आवरायची तयारी, आणि माझ्या शहरात तेवढीच मिळत नव्हती.

सकाळच्या फिरायला येणाऱ्यांचे हात तर अंधार सरायच्या आत सुरू व्हायचे. प्रत्येकाकडे प्लॅस्टिकची पिशवी. सगळ्यांचे पुढारी मोघेकाका. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त, आमच्या मराठी मंडळाचे कार्यवाह, बागेच्या देखरेख समितीवरही तेच. त्यांच्याकडे टोकाला आकडी लावलेली काठी होती आणि तगरीची सर्वांत वरची फांदी तीच वाकवू शकत असे.

"मोघेसाहेब, फूल म्हणजे झाडाचं दुकान. उघडायच्या आधीच तुम्ही शटर पाडलंत, तर गिऱ्हाईक कुठं जाईल?"

"बाई, मग देवाला काय सूखे चावल वाहू?"

"वाहा. दहानंतर फूल वाहा. देव थांबतो. माशी थांबत नाही, तिच्या पोराबाळांना भूक असते."

"तुम्ही पण ना! भिक्षुकाच्या घरच्या आणि फुलांच्या विरोधात. सुनून घ्या, वरती गेल्यावर जवाब द्यावा लागेल."

"तुमच्या मुलीचं लग्न मी लावलंय. वर तुमची फाईल माझ्याच टेबलावरून जाणार आहे."

मोघेकाका हसत आणि पिशवी पाठीमागे लपवत. त्यांच्यात वैर नव्हतं. काकूंच्या संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या आधी त्यांच्याकडे जात. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते दुष्ट माणसांनी केलं असं वाटलं तर माझं लिहिणं फुकट गेलं.

त्या टाकीच्या पोटाखाली दर वर्षी दिवाळीनंतर आग्या माश्या यायच्या. कुठून येत, कुणाला ठाऊक. शहराबाहेर सरसोंला, म्हणजे मोहरीला, फूल धरायच्या बेताला त्या हजर असत. खांबांच्या वर, सिमेंटच्या सावलीत, काळ्या अर्धचंद्रासारखी पोळी लोंबायची. जवळ गेलं तर सगळं पोळं एकदम शहारायचं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाट जायची. काकू खाली उभ्या राहून मान वर करून बघत. मला त्यांच्या शेजारी उभं राहताना भीती वाटे, आणि ती भीती चांगली होती. शहरात कशाची तरी अशी भीती उरलेली असावी.

सुशोभीकरण आलं. पायवाटांवर पेव्हर ब्लॉक आले, लॉनच्या निम्म्या भागावर प्लॅस्टिकचं गवत आलं. दाराशी माणसाहून उंच फायबरचं फुलपाखरू बसवलं, संध्याकाळी त्याच्या पंखांत दिवे लागत आणि पोरं त्याच्यासमोर फोटो काढत. जुनी एकेरी जास्वंद आणि कण्हेर उपटून वाफ्यांत दुहेरी पाकळ्यांची विलायती रोपं लावली. काकूंनी एक फूल बोटांनी उलगडून मला दाखवलं. पाकळ्यांच्या आत पाकळ्या, त्यांच्या आत पुन्हा पाकळ्या. पराग नाही, मध नाही. "लग्नाचा मांडव आहे," त्या म्हणाल्या, "पंगत नाही." डासांच्या औषधाची गाडी येऊन धूर सोडून जाऊ लागली. सकाळी पायवाटेवर भुंगे उताणे पडलेले असत, पाय हलत असत. काकू त्यांना पानावर उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवत. ते जगले असतील असं मला वाटत नाही.

कोपरा मात्र टिकला आणि टाकीही. आम्ही पत्रक काढलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. एकेरी फुलं लावा, एक कोपरा सोडा, फुलांवर औषध मारू नका, दहाच्या आत तोडू नका. मला ते मिळमिळीत वाटलं होतं, पण माधवगंजात निदान काही गच्च्यांवर खड्यांच्या पराती दिसायला लागल्या.

मग माघातल्या गणेशजयंतीचा याग आला. दर वर्षी तो मंगल कार्यालयात होई. त्या वर्षी पार्षदाने, म्हणजे आमच्या नगरसेवकाने, बाग फुकट देऊ केली, नव्या बागेचं उद्घाटनही उरकेल म्हणून. यजमानपद मोघेकाका आणि काकींकडे. पौरोहित्य अर्थात आठल्येकाकूंकडे. त्या बघायला आल्या तेव्हा मांडवाच्या बल्ल्या टाकीच्या सावलीतच रोवलेल्या होत्या.

"इथं होम? वर बघा जरा, मोघेसाहेब. धूर लागला तर खाली कुणी उरणार नाही."

"मग?"

"मांडव त्या टोकाला न्या, फुलपाखराकडे. माश्यांना हात लावायचा नाही. एवढं कबूल असेल तर मी येते."

"कबूल. टेंशन घेऊ नका बाई. सगळी व्यवस्था होऊन जाईल."

व्यवस्था झाली. यागाच्या सकाळी मी काकूंचं सामान घेऊन त्यांच्याबरोबर बागेत शिरले. कडाक्याची थंडी होती, दाट धुकं होतं. मांडव टाकीखालीच होता. काकू थबकल्या आणि त्यांनी मान वर केली.

टाकीचं पोट मोकळं होतं. जिथं पोळी होती तिथं मेणाचे काळे डाग होते, ओळीने. खाली पेव्हर ब्लॉक पाणी मारून स्वच्छ धुतले होते आणि वर मोठी रांगोळी घातली होती. रांगोळीच्या पांढऱ्या भुकटीत एक माशी चालत होती. चालत म्हणजे, गोल फिरत होती. तिच्यामागे कमळाची पाकळी पुसली जात होती. खांबाच्या मागे हिरव्या जाळीखाली ढीग झाकलेला होता. त्यातून अजून बारीक आवाज येत होता.

मोघेकाका सोवळं नेसून, हातात स्टीलची वाटी घेऊन समोरून आले. चेहरा उजळलेला.

"बाई, यंदा पंचामृताला बाजारचा मध नाही. आपल्या टाकीचाच."

काकूंनी वाटीकडे पाहिलं. "कधी काढला?"

"काल संध्याकाळी. ठेकेदाराने माणसं आणली होती, औषध मारलं, तासाभरात सब साफ. मग पोळं उतरवणं काय, आराम से."

"औषध मारल्यावर काढला."

"वरवरून मारलं हो. मध तर आत असतो."

मला बोलायचं होतं. माझ्या तोंडात आजोबांची सगळी पत्रकं एकदम आली होती. काकूंनी माझा दंड धरला आणि दाबला. मग मोघेकाकांच्या हातून वाटी घेतली, तिच्यावर ताटली झाकली आणि आपल्या आसनाशेजारी, पदराच्या आड ठेवली. "बसा," त्या म्हणाल्या. "वेळ होतेय."

माणसं जमली होती. पार्षद पहिल्या रांगेत. मोघेकाका आणि काकी पाटावर बसले, बोटांत दर्भाची पवित्रकं घातली. माईक यजमानांच्या तोंडाशी होता, कारण संकल्प सगळ्यांना ऐकू जावा अशी पद्धत पडली आहे. आणि आपल्याकडे यजमान संकल्प कसा सोडतो हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं समजेल. भटजी म्हणतात, यजमान मागोमाग म्हणतो. कानांतून आलेलं तोंडातून जातं, मध्ये कुठे थांबत नाही. काकू संस्कृत झालं की मराठीतूनही म्हणवून घेत, त्यांची ती रीतच होती.

"हातात पाणी घ्या. म्हणा. मी, दिनकर मोघे."

"मी, दिनकर मोघे."

"ग्वाल्हेर नगरीत, या बागेत."

"ग्वाल्हेर नगरीत, या बागेत."

"काल संध्याकाळी, दिलेला शब्द मोडून."

"काल संध्याकाळी, दिलेला शब्द मोडून."

"देवाच्या नावाने, आसऱ्याला आलेले जीव विष घालून मारले."

"देवाच्या नावाने, आसऱ्याला आलेले जीव विष घालून मारले." आवाज स्पष्ट, भक्तीने भरलेला, कर्ण्यातून माधवगंजभर.

"आणि तेच विष पंचामृतात कालवून, आपल्याच माणसांच्या हातावर."

"आणि तेच विष पंचामृतात..." इथे काकींनी त्यांच्या कोपराला धरून ओढलं. मोघेकाका थांबले. ओंजळीतलं पाणी मांडीवर सांडत होतं.

काकूंचा आवाज जराही चढला नव्हता. "त्याचं प्रायश्चित्त म्हणून, यापुढे मी," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "पुढचं तुम्ही म्हणा. ते मला सांगता येत नाही."

माईक चालू होता. त्यातून मोघेकाकांचा श्वास ऐकू येत होता, आणि काही नाही. काकू थांबल्या, खूप थांबल्या. मग झाकलेली वाटी उचलून उठल्या आणि चालू लागल्या. वाटेत त्यांनी खांबाजवळ थांबून हिरवी जाळी नीट सारखी केली, मेलेल्या माणसाच्या तोंडावरचं पांघरूण करतात तशी.

दुसरे गुरुजी मुरारहून बोलावले. होम झाला, आरती झाली. मध दुकानातून आणला. विषारी पंचामृत त्या दिवशी कुणाच्या पोटात गेलं नाही, ते कुणामुळे, हे कुणी विचारलं नाही. बोलणं एकाच गोष्टीचं होतं: बाईने पार्षदासमोर समाजाचं नाक कापलं.

त्यानंतर आठल्येकाकूंना पूजेचं बोलावणं आलं नाही. एकाही घरातून. ज्यांच्या घरची बारशी, मुंजी, श्राद्धं त्यांनी केली होती ती माणसं बागेत समोरून येताना फोन कानाला लावत. मी चिडून म्हणाले, यांच्या दारांवर पत्रकं चिकटवते. त्या म्हणाल्या, "त्यांना माझा राग आलेला नाही गं. त्यांना ते वाक्य ऐकू आलंय. ते परत ऐकू येईल, म्हणून टाळतात."

त्यांची सगळी काळजी आता टाकीवरच्या डागांची होती. आग्या माश्या जुन्या मेणाच्या वासावर जागा ओळखतात. डाग राहिले तर दिवाळीनंतर दुसऱ्या कुठल्या तरी येतील, एवढीच आशा होती. त्यांनी अर्ज केले, खेटे घातले, मी बरोबर असायचे. भला अधिकारी बदलून गेला होता. नव्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि पावसाळा सरताच टाकी घासून, खरवडून रंगवली. निळ्या रंगावर चित्रं काढली. फुलं, आणि त्यांच्यावर हसऱ्या चेहऱ्यांच्या मधमाश्या.

काकू बघायला आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "छान काढल्यात," त्या म्हणाल्या. "पाय सहाच आहेत."

दिवाळी झाली. त्या रोज ऊन वर आलं की टाकीखाली येऊन उभ्या राहत. मी एकदा त्यांच्यासाठी खुर्ची आणली तर म्हणाल्या, बसून वर बघता येत नाही. एका दुपारी काही माश्या आल्या. हुडकायला आलेल्या. त्या निळ्या पोटाला स्पर्श करत, मागे फिरत, पुन्हा येत. चित्रांतल्या माश्यांच्या मधून खऱ्या फिरत होत्या. उन्हं उतरली तशा त्या सगळ्या एकाच दिशेने निघून गेल्या. काकूंनी पदराने मान पुसली. "आपला पत्ता खोडला," एवढंच म्हणाल्या.

पौषात त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. स्मशानात आम्ही थोडीच माणसं होतो. मोघेकाका आले होते. लांब उभे राहिले.

उन्हाळ्यात माधवगंजातल्या गच्च्यांवर वेल चढतात. त्या वर्षी भोपळ्याला फूल भरपूर आलं. मागे इवलासा भोपळा घेऊन फूल उमलायचं, दोन दिवसांत तो भोपळा पिवळा पडून गळायचा. बायका म्हणायच्या, यंदा हवाच तशी आहे. कुणी खत बदललं, कुणी दृष्ट काढली. मोघेकाकींनी फुलांवर औषध मारलं.

त्याच दिवसांत एका सकाळी मोघेकाका बागेत माझ्या शेजारी येऊन बसले. आकडीची काठी नव्हती. हातात पिशवी नव्हती.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी बाईंनी जे अर्धं सोडलं. तुला माहीत असेल. पुढचं वाक्य काय होतं?"

"त्यांनाही माहीत नव्हतं, काका. ते तुम्ही म्हणायचं होतं."

"म्हणजे तयार काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

ते टाकीकडे बघत राहिले. "मी बोललो असतो काहीतरी. थोडं थांबायला हवं होतं त्यांनी."

त्या किती थांबल्या होत्या ते मी सांगणार होते. तेवढ्यात दारातून औषधाची गाडी आत आली. मागे उभ्या माणसाने नळी खांद्यावर घेतली, तोंडाला गमछा बांधला आणि मोघेकाकांना ओळखून हात केला. समितीचे साहेब म्हणून.

"बाबूजी, उधर कोने में भी मारनी है? बहुत झाड़ी हो गई है।"

मोघेकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्याकडे पाहिलं. तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या, तिच्यावर दोन-चार बारक्या माश्या होत्या, अगदी दोन-चार. ते उठले, कोपऱ्यापाशी चालत गेले आणि वळून उभे राहिले.

"नहीं," ते म्हणाले. "यहाँ नहीं।"

"जैसा आप बोलो," माणूस म्हणाला. "बाकी में तो मारनी पड़ेगी। ऑर्डर है।"

यंत्र सुरू झालं. धूर आधी वाफ्यांवर पसरला, मग प्लॅस्टिकच्या गवतावरून सरकत, जमिनीला चिकटून, वारा नेईल तिकडे निघाला. वारा कोपऱ्याकडे होता. मोघेकाकांनी नाकाला रुमाल लावला, दुसरा हात आडवा धरला आणि धूर त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आला तरी ते तिथून हलले नाहीत.